हवा गेली तरी चालणारे टायर

मोटार कितीही किमतीची असो, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढा. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, आत बसलेल्या माणसांचा जीव, सारे काही या चार तळहातांवर तोललेले असते. पण गाडी घेताना माणसे रंग पाहतात, गाण्याचा संच पाहतात, आसनांचे चामडे बोटाने दाबून पाहतात; टायरकडे लक्ष जाते ते पंक्चर झाल्यावर. म्हणून यंदाच्या दिवाळीला या उपेक्षित मंडळींविषयी चार गोष्टी कराव्यात असे ठरवले. निमित्त मिळाले ते खारदांड्याच्या एका घरातल्या भांडणाचे.

ज्यांनी खारदांडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खार स्टेशनाहून पश्चिमेला समुद्राच्या रोखाने चालत गेले की हा जुना कोळीवाडा लागतो. वांद्र्याचा कार्टर रोड समुद्राच्या कडेकडेने येतो तो इथेच संपतो. एकीकडे वलांडीवर बोंबील वाळत असतात, दुसरीकडे उंच इमारतींच्या पोटात चकचकीत मोटारी उभ्या असतात, आणि मधल्या चिंचोळ्या रस्त्यावरून हातगाडी, रिक्षा, मासळीच्या पाट्या आणि जर्मन मोटार अशी सगळी वरात एकमेकांना वाट देत, न देत पुढे सरकत असते.

इथल्याच एका इमारतीत आमचे एक स्नेही राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाचे पक्के गृहस्थ. त्यांची कन्या डॉक्टर आहे, भूल देणारी. रात्री-अपरात्री हॉस्पिटलचा फोन आला की उठून जावे लागते. तिने दोन वर्षांपूर्वी एक जुनी बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली. दोनच आसने, आणि बटन दाबले की टप दुमडून मागे डिकीत जाऊन बसतो. “एवढं काय अडलं होतं या गाडीवाचून?” असे आईने एकदा विचारले. “तू पाटल्या केल्यास तेव्हा काय अडलं होतं गं?” असे उत्तर मिळाल्यावर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

निघाला तो टायरचा विषय. या गाडीला कारखान्यातूनच ‘रन-फ्लॅट’ टायर येतात, म्हणजे हवा गेली तरी चालणारे. दोन पावसाळ्यांत खड्ड्यांनी दोन रिमा वाकवल्या, एक टायर साध्या खिळ्यापायी टाकून द्यावा लागला, आणि उरलेल्यांची नक्षी झिजत आली. कन्येचे म्हणणे, आता चारही साधे टायर बसवू. वडिलांचे म्हणणे, मुळीच नाही. “काका, तुम्हीच सांगा बाबांना,” असे म्हणून तिने मला मध्ये ओढले. “अहो, तुम्ही तिलाच सांगा,” असे म्हणून त्यांनीही ओढले. अशा वेळी चहा संपेपर्यंत गप्प बसणे हेच शहाणपणाचे असते. पण प्रश्न खरोखरच विचार करण्याजोगा होता.

आधी या टायरची करामत समजून घेऊ. साध्या टायरमध्ये गाडीचा भार कोण पेलते? रबर नव्हे, आतली हवा. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी गुंडाळली, तेव्हापासून जगाने हवेवर बसून प्रवास करायला सुरुवात केली. हवा गेली की टायरची बाजू घडी पडल्यासारखी दुमडते, रिम खाली टेकते आणि चार पावलांत रबराच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅट टायरमध्ये ही बाजूची भिंत आतून जाड आणि कडक रबराचा थर देऊन मजबूत केलेली असते. हवा गेली तरी ती भिंत काही काळ एकटीच भार पेलते. किती काळ? सर्वसाधारण नियम ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटरपर्यंत असा आहे. म्हणजे खारदांड्याहून निघून जवळजवळ लोणावळा. गाडीत ओझे जास्त असेल, टायर फार तापला असेल तर हे अंतर कमी होते.

कल्पना आजची नाही. १९७० नंतरच्या दशकात डनलॉप कंपनीने इंग्लंडात ‘डेनोव्हो’ नावाचा असाच टायर काढला होता. हवा गेली तरी तो रिमवरून निसटत नसे, आणि आत घर्षण कमी करणाऱ्या वंगणाच्या डब्या ठेवलेल्या असत. मिनी १२७५ जीटी या छोट्या चपळ मोटारीला तो मिळत असे. पुढे १९९७ साली अमेरिकेत नव्या कॉर्व्हेटला रन-फ्लॅट टायरच दिले आणि सुट्या चाकाला रजा दिली. २००० नंतर बीएमडब्ल्यूने आपल्या बहुतेक मोटारींना हेच टायर बसवायला घेतले.

कारखानदारांना यात काय गोडी? जागा आणि वजन. सुटे चाक, जॅक, पाना हा सगळा बारदाना वगळता येतो. टप डिकीत दुमडून ठेवणाऱ्या दोन आसनी गाडीत तर एक सूटकेस मावण्याची मारामार; तिथे पाचवे चाक कुठे ठेवणार? त्यातून या गाडीच्या अठरा इंची चाकांत पुढचे टायर २२५ मिलिमीटर रुंद, तर मागचे २५५. सुटे चाक ठेवायचेच झाले तर कुठल्या मापाचे ठेवणार, हाही पेच आहेच.

म्हणजे युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यावर सौदा वाईट नाही. पंक्चर झाले, डॅशबोर्डावर दिवा लागला, सावकाश गाडी हाकत गॅरेज गाठले, नवा टायर घातला. कपड्याला डाग नाही, पावसात भिजणे नाही.

तोच टायर आपल्याकडे आला की हिशेब बदलतो. बाजूची भिंत कडक याचाच अर्थ ती खड्ड्यात वाकत नाही. साधा टायर खड्ड्याचा मार थोडा स्वतः गिळतो. रन-फ्लॅट तो जसाच्या तसा रिमकडे, तिथून स्प्रिंगांकडे आणि तिथून बसणाऱ्याच्या कण्याकडे पाठवून देतो. त्यातून स्पोर्ट्स मोटारीच्या टायरची भिंत मुळातच बुटकी. २२५ मिलिमीटर रुंदीच्या चाळीस टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, जेमतेम चार-पाच बोटे. उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा पावसाच्या पाण्याने झाकलेला खड्डा लागला की या चार-पाच बोटांनी किती सोसावे? रिम वाकते, क्वचित तडकते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. आपल्याकडे पंक्चर म्हणजे मोठेसे संकट नव्हे. टपभर पाणी, एक कॉम्प्रेसर आणि झाडाखाली बसलेला पंक्चरवाला प्रत्येक नाक्यावर सापडतो. पंधरा मिनिटांत तो तुम्हाला मार्गी लावतो. पण रन-फ्लॅट टायर हवेशिवाय काही अंतर चालला की त्याच्या आतल्या भिंतीला इजा झाली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे असा टायर दुरुस्त न करता बदलावा असेच बहुतेक कंपन्या सांगतात. शिवाय ही कडक भिंत रिमवरून उतरवायला जादा दाबाचा हात असलेले यंत्र लागते. नाक्यावरच्या लोखंडी पट्टीने तो उतरवू गेले तर टायर उतरत नाही, रिमची कड मात्र उतरते. ज्या खिळ्याने साध्या टायरला एक ठिगळ लागले असते, तोच इथे अख्खा टायर घेऊन जातो. आणि अशा टायरची किंमत ऐकली की मध्यम घरातली एक दिवाळी निघेल.

आमच्या स्नेह्यांच्या खिडकीतून कोळीवाड्याचे अंगण दिसते. दुपारी तिथे जाळी विणणारी, सांधणारी माणसे बसलेली असतात. जाळे फाटते हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ते सांधायची सुई प्रत्येक घरात असते. फाटू नये म्हणून कोणी तारेचे जाळे विणत नाही, कारण तारेच्या जाळ्यात मासळी सापडायची नाही आणि होडीलाही भार व्हायचा. कन्येने नेमके हेच बोट दाखवून सांगितले. वडील म्हणाले, “होय, पण ती माणसं एकेकटी समुद्रावर जात नाहीत.”

वडिलांच्या या एका वाक्यात त्यांची सगळी बाजू होती, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. रात्री दोन वाजता एकटी बाई गाडीत आहे, टायर बसला, आसपास उघडे दुकान नाही. रन-फ्लॅट असेल तर ती न थांबता घरी येते. साधा असेल तर थांबावे लागते. कुठे थांबावे लागेल हे तिच्या हाती नाही. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भर वेगात टायर एकाएकी बसला, तर साध्या टायरची गाडी एकीकडे ओढ घेते; रन-फ्लॅटची भिंत गाडीला बरीचशी सरळ धरून ठेवते. कण्याला बसणारा हिसका आणि काळजाला बसणारा हिसका यांत कुठला मोठा, असा हा प्रश्न होता.

मग मी त्या दोघांना दोन मोटारींची हकिकत सांगितली. १९९७ च्या ज्या कॉर्व्हेटला रन-फ्लॅट टायर होते, तिचीच अधिक वेगवान आवृत्ती २००१ साली ‘झेड-०६’ या नावाने निघाली. तिला कारखान्याने साधे टायर दिले आणि सोबत हवा भरण्याचे साहित्य दिले. कारण साधा टायर हलका आणि रस्ता धरायला चांगला. बीएमडब्ल्यूनेही तेच केले. २००६ साली ‘झेड-४ एम’ ही या घराण्यातली सर्वांत तिखट मोटार निघाली, तीही साध्या टायरांवर. म्हणजे ज्या गाडीला खरोखर पळायचे आहे तिला कारखान्याने स्वतःच रन-फ्लॅट दिले नाहीत. याला अपवाद नाहीत असे नाही. निस्सानची जीटी-आर ही २००७ ची दांडगी मोटार रन-फ्लॅट टायरांवरच धावते. पण तिची सगळी बांधणी त्या टायरांभोवतीच केलेली आहे.

या हकिकतीत मुलीचा विजय दिसतो, पण तिच्यातला एक शब्द वडिलांच्या कामाचा आहे, तो म्हणजे ‘सोबत’. साधे टायर देताना कारखान्यांनी सोबत साहित्यही दिले. नुसते रबर बदलले नाही, पंक्चर झाल्यावर काय करायचे ही सगळी व्यवस्था बदलली. आपल्याकडे लोक नेमके इथे चुकतात. रन-फ्लॅट काढून साधे बसवतात, गाडी मऊ झाली म्हणून आठवडाभर खूश असतात, आणि डिकीत सुटे चाक नाही हे त्यांना पहिल्या पंक्चरच्या वेळी कळते.

तेव्हा ज्यांना हा बदल करायचा असेल त्यांनी पुढील गोष्टी एका कागदावर उतरवून घ्याव्यात.

पहिली, चारही टायर एकदम बदलावेत. पुढे रन-फ्लॅट आणि मागे साधे, अशी खिचडी करू नये. कडक आणि मऊ भिंतींची चाल वेगळी असते, आणि वळणावर गाडी कुणाचे ऐकावे हे विसरते. टायर चांगल्या जातीचे, एकाच बनावटीचे असावेत.

दुसरी, माप तेच ठेवावे. टायरच्या बाजूवर २२५/४० आर १८, ८८ डब्ल्यू असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा भिंतीच्या उंचीचा टक्का, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा संकेत आहे, एका टायरमागे ५६० किलो. आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. एवढ्या वेगाने कार्टर रोडवर कोणी जाणार नाही हे खरे, पण कारखान्याने सांगितलेल्या भाराच्या आणि वेगाच्या खाली उतरू नये. त्याच ओळीच्या आसपास चार आकड्यांची तारीख असते. २३२४ लिहिले असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. स्वस्तात जुना माल गळ्यात पडू नये म्हणून ती वाचायला शिकावे.

तिसरी, रिमची काळजी नको. रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या रिमला आतून जरा उंच कंगोरा असतो, टायर निसटू नये म्हणून. त्यावर साधा टायर बिनधास्त बसतो. उलट मात्र करू नये. साध्या रिमवर रन-फ्लॅट चढवायचा तर कंपनीला विचारावे.

चौथी, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा काढू नये, बिघडली असल्यास दुरुस्त करून घ्यावी. काही गाड्यांत व्हॉल्व्हपाशी संवेदक असतो, काहींत चाक किती वेगाने फिरते यावरून गाडी अंदाज बांधते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि जास्त फेरे घेते. टायर बदलल्यावर ही यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते, आणि गॅरेजवाला ते हमखास विसरतो.

पाचवी, आणि वडिलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, गाडीत साहित्य हवे. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली, तंतूचे ठिगळ घालण्याचा संच, हातमोजे आणि विजेरी. द्रवाच्या बाटलीला मुदत असते, ती पाहावी. हा द्रव खिळ्याच्या भोकाला चालतो, बाजूची भिंत फाटली तर नाही. तेव्हा गाडी उचलून नेणाऱ्या सेवेचा क्रमांक जवळ असावा. २०२० च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. तेव्हापासून, ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारीला सुटे चाक ठेवण्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे कायद्यानेही चाकाची जागा संचाला दिली आहे. पण संच डिकीत असायला हवा, घरच्या माळ्यावर नव्हे.

सहावी, दाब. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, गाडीच्या दारापाशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. कडक भिंतीचा टायर हवा कमी असली तरी तोरा सोडत नाही. साधा टायर लगेच तापतो, आणि तापलेला टायर काँक्रीटच्या रस्त्यावर दगा देतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला असे समजावे.

आणि एवढे करूनही भर वेगात टायर बसलाच तर? ब्रेकवर उभे राहू नये. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि डावीकडे घ्यावी. धोक्याचे दिवे लावून माणसांनी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. रात्रीची वेळ असेल, जागा विश्वासाची वाटत नसेल, तर चाक खराब होण्याची पर्वा न करता सावकाश उजेडापर्यंत, पेट्रोल पंपापर्यंत गाडी न्यावी, आणि ११२ क्रमांक फिरवावा. रिम पुन्हा विकत मिळते.

शेवटचे वाक्य ऐकून स्नेही जरा सैल झाले. त्यांना मुख्य धास्ती होती ती मुलगी रिमच्या पैशांसाठी अंधारात थांबेल ही. बँकेत जन्म घालवलेल्या बापाने मुलीला काटकसर शिकवली होती. आता तीच काटकसर तिने एका रात्रीपुरती विसरावी, एवढेच त्यांना तिच्याकडून वदवून घ्यायचे होते. “बाळ, चाक जाऊ दे, तू थांबू नकोस,” असे ते म्हणाले. तिनेही या वेळी उलट उत्तर दिले नाही.

साधे टायर बसले. गाडी पूर्वीपेक्षा मऊ चालते, खड्ड्यांचा आवाज निम्म्यावर आला असे कन्या सांगते. वळणावर चाकाचा प्रतिसाद किंचित सावकाश झाला आहे, तेही ती प्रामाणिकपणे सांगते. कॉम्प्रेसर आणि संच वडिलांनी स्वतः आणले. एवढेच नव्हे, काढलेल्या जुन्या टायरपैकी एकाला खिळा ठोकून, इमारतीच्या आवारात, त्यांनी तंतूचे ठिगळ घालण्याचा सराव केला आणि मग लेकीकडून तीन वेळा करवून घेतला. खाली जाळी सांधणारे दोघे-तिघे काम थांबवून हा प्रकार पाहत होते.

भाद्रपदात एका रात्री हॉस्पिटलच्या आवारातच दिवा लागला. मागच्या उजव्या टायरमध्ये स्क्रू. तिने तो उपटला नाही, उपटला असता तर उरलेली हवाही गेली असती. कॉम्प्रेसरने दाब भरला, घरी आली, सकाळी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून आतून ठिगळ लावून घेतले. टायर आजही चालू आहे. वडील त्या रात्री जागेच होते, पण ते काही टायरमुळे नव्हे. ते रन-फ्लॅट असतानाही जागेच असत.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाडव्याला काही घरांत नवी गाडी येते. लिंबू जरूर ठेवा. पण ते ठेवायला खाली वाकलाच आहात, तर टायरच्या बाजूवरची तारीख वाचा, नक्षीत बोट घालून पाहा, आणि वर उठलात की डिकी उघडून पाहा: टायर बसला तर पुढे काय, याचे उत्तर तिथे आहे ना?